कोब्याला रंग चढवताना

भोपाळमध्ये घराचं बांधकाम संपत आलं की घरात एक वाद हमखास होतो: कोटा फरशी घालायची की टाइल्स? दोन्ही सहज मिळतात, दोन्ही टिकतात, दोन्हींचे कारागीर गल्लोगल्ली आहेत. आम्ही शाहपुऱ्याच्या घरावर एक खोली चढवली तेव्हा मी तिसरंच काहीतरी म्हणाले. सिमेंटचा कोबाच ठेवायचा आणि त्याला ॲसिड स्टेननं रंग चढवायचा. त्या खोलीची जमीन सकाळच्या उन्हात कोऱ्या चहासारखी तांबूस दिसते आणि पावसाळी संध्याकाळी जुन्या गुळासारखी काळपट. येणारेजाणारे विचारतात, बाटली कुठली आणलीत? बाटलीचं नाव सांगून काही होत नाही. बाटलीचा वाटा या कामात फार थोडा आहे, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आपण भिंतीला रंग लावतो आणि मेंदीचा रंग चढतो. हा फरक लक्षात आला की निम्मं काम समजलं. जमिनीला लावलेला ऑइल पेंट वर बसतो, खालून ओल आली की पापुद्रे धरतो आणि पलंगाचा पाय सरकला की खरवडून निघतो. ॲसिड स्टेनमध्ये वर बसणारं काही नसतंच. सिमेंट पाणी घेऊन घट्ट होतं तेव्हा त्याच्या आत मोकळा चुना तयार होतो. रसायनशास्त्रात त्याला कॅल्शियम हायड्रॉक्साइड म्हणतात, म्हणजे आपला विरलेला चुनाच. स्टेनमध्ये पाणी, थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल आणि लोह, मँगनीज किंवा तांबं यांचे क्षार असतात. आम्ल कोब्याचा पृष्ठभाग किंचित खुला करतं, क्षार आत शिरतात, चुन्याशी त्यांची प्रक्रिया होते आणि पाण्यात न विरघळणारे रंगीत पदार्थ कोब्याच्या छिद्रांतच तयार होऊन बसतात. विदर्भातल्या संत्रा बागायतदाराला हे वेगळं समजावून द्यावं लागत नाही. मोरचूद आणि चुना एकत्र करून तो बोर्डो मिश्रण बनवतो तेव्हा जो निळा साका धरतो, त्याच्याच जातीची प्रक्रिया तांब्याच्या स्टेनखाली तुमच्या जमिनीत घडते.

म्हणून रंगही मोजकेच मिळतात. लोहापासून पिवळसर तपकिरी ते तांबूस, मँगनीजपासून गडद तपकिरी ते काळा, तांब्यापासून निळसर हिरवा. यांतला हिरवा सर्वांत नाजूक आहे. जमिनीतून ओल येत राहिली तर तो काळपट पडतो. भडक लाल, पिवळाधमक किंवा पांढरा या रस्त्यानं येत नाही. आजीच्या घरातली एकसारखी लाल, पायाला गार लागणारी जमीन ज्यांना हवी आहे त्यांनी ॲसिड स्टेनच्या वाटेला जाऊच नये. तो लाल कोबा रेड ऑक्साइड सिमेंटमध्ये मिसळून आणि तासन्‌तास घोटून होतो. ती स्वतंत्र कला आहे आणि ती जाणणारे गवंडी अजून शोधले तर सापडतात. ॲसिड स्टेन कधीच एकसारखा येत नाही. कुठे दाट, कुठे विरळ, मध्येच ढगासारखी सावली. आमच्या मिस्त्रीनं पहिला नमुना बघितला आणि कळवळून म्हणाला, "दीदी, ये तो धब्बे पड़ गए." त्याच्या दृष्टीनं बरोबरच होतं. ज्या घरात असे ढग कुणाला डाग वाटतील तिथे हे काम काढू नका.

आता सिमेंट. रंग चुन्यापासून होतो, तर चुना जितका हाती असेल तितका रंग. आपल्याकडे दुकानात सिमेंट मागितलं की बहुधा पीपीसीचं पोतं हातात पडतं. त्यात फ्लाय ॲश असते; भारतीय मानकानुसार १५ ते ३५ टक्क्यांपर्यंत. ही राख कोब्यातला मोकळा चुना हळूहळू स्वतःच वापरून टाकते. त्यानं काँक्रीट चांगलंच होतं, घट्ट होतं, पण स्टेनच्या वाट्याला चुना कमी उरतो आणि रंग फिका, कधीकधी अगदी मातकट येतो. नवा कोबा घालणार असाल तर गवंड्याला आधीच सांगून ओपीसी, म्हणजे साध्या पोर्टलंड सिमेंटची, ४३ ग्रेडची पोती आणवा आणि पोत्यावरचं छापील नाव स्वतः वाचा. एका खोलीसाठी एकाच कंपनीचं, एकाच वेळी आणलेलं सिमेंट आणि एकाच खेपेची नर्मदेची रेती वापरा. अर्धी खोली पीपीसीत आणि अर्धी ओपीसीत झाली तर ती सीमारेषा स्टेन लावल्यावर कायमची उमटते.

कोबा ४० मिलिमीटर जाडीचा, १:२:४ प्रमाणाचा पुरतो. चौकोन पाडताना पट्ट्या काचेच्या बसवा. पितळेची पट्टी दिसायला सुंदर, पण ती आम्लानं काळवंडते आणि तिच्या कडेनं हिरवट ओघळ उठतात. ॲल्युमिनियमची पट्टी तर आम्लात फसफसते. वरून कोरडं सिमेंट भुरभुरवून थापीनं चकाचक करायची सवय आपल्या गवंड्यांना आहे. ती इथे घातक. असा पृष्ठभाग पुढे भुसा सोडतो, त्यावर बारीक केसासारख्या भेगा पडतात. फार घोटलेल्या जागी स्टेन शिरतही नाही. थापीचा हात सगळीकडे सारखा फिरवा आणि वेळेत थांबवा, एवढंच गवंड्याला सांगा.

पाणी मारणं हा या कामातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे आणि माझी चूक इथेच झाली. पद्धतीप्रमाणे कोब्यावर ओली पोती अंथरली. सात दिवसांनी उचलली, जमीन छान राखाडी दिसत होती. महिन्यानं स्टेन लावला आणि खोलीच्या एका कोपऱ्यात गोणपाटाचं विणकाम जसंच्या तसं उमटलं, अगदी शिवणीसकट. आता तो कोपरा माझ्या लिहिण्याच्या टेबलाखाली आहे. पाणी साठवायला मातीची किंवा मसाल्याची पाळी घातली तर पाळीची रेघ उमटते. प्लास्टिक अंथरलं तर त्याच्या सुरकुत्या उमटतात. म्हणून किमान सात दिवस, उन्हाचे दिवस असतील तर दहा, दिवसातून अनेकदा पाण्याची बारीक फवारणी करून जमीन सारखी ओली ठेवायची, हा कंटाळवाणा मार्गच बरोबर. बाजारात मिळणारं क्युरिंग कंपाउंड चुकूनही लावू नका. त्याची झिल्ली स्टेनला आत जाऊच देत नाही.

त्यानंतर कोबा निदान २८ दिवसांचा होऊ द्या. या काळात बाकीचे कारागीर घरात वावरणार, आणि त्यांनी जमिनीवर जे जे केलं ते सगळं स्टेन नंतर वाचून दाखवणार. सांडलेलं पीओपी, पेंटरचे थेंब, प्लायवूडच्या पाट्या ठेवलेली जागा, गेरूचा दोर मारून आखलेली रेघ, सुताराच्या यंत्राचं तेल. गत्ता अंथरून चालायला लावा, आणि गत्ता भिजला की लगेच बदला.

जुन्या कोब्यावर हे होतं का, असंही बरेच जण विचारतात. १९५६ मध्ये राज्य पुनर्रचना झाल्यावर नागपूरहून सरकारी दप्तरांबरोबर भोपाळला आलेल्या मराठी कुटुंबांपैकी अनेकांची घरं आता मुलंनातवंडं नव्यानं सजवत आहेत, आणि टाइल्स उखडल्यावर खाली जुना कोबा सापडतो. होतं, पण रंग फिका आणि अंदाजाबाहेरचा येतो, कारण वरच्या थरातला चुना हवेनं कधीच मुरून गेलेला असतो. आधी पाण्याची परीक्षा घ्या. जमिनीवर ठिकठिकाणी पाण्याचे थेंब टाका. मिनिटभरात जमीन गडद होऊन थेंब आत गेले तर आशा आहे. कमळाच्या पानावर उभे राहावेत तसे थेंब उभे राहिले तर तिथे मेण, तेल किंवा जुना सीलर, म्हणजे वरून दिलेला संरक्षक हात, आहे, आणि तो काढल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. टाइल चिकटवण्याचा मसाला राहिलेल्या जमिनीचा नाद सोडा. आणि साफ करण्यासाठी आधी आम्लानं धुणं ही सगळ्यांत मोठी चूक. त्यानं तुम्हाला हवा असलेला चुनाच वाहून जातो.

तळमजल्याला आणखी एक अडचण आहे: काळी माती. भोपाळच्या बऱ्याच वस्त्या या मातीवर आहेत. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि वरची जमीन तडकते. पाया घेताना काळी माती काढून मुरूम भरला असेल आणि कोब्याखाली जाड प्लास्टिकचा थर असेल तर चिंता नाही. नसेल तर दीड फूट लांबीरुंदीचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीनं जमिनीला पक्का बसवा आणि दुसऱ्या दिवशी उघडा. खाली दव धरलं असेल किंवा जमीन काळवंडली असेल तर ओल येते आहे. अशा जमिनीवर पुढे पांढरा लोणा फुटेल आणि वरचा सीलर सुटेल. त्या खोलीत कोटाच घाला, मनापासून सांगते.

हंगाम निवडायला भोपाळ सोपं आहे. मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा स्टेन जमिनीवर पडताक्षणी वाळतो आणि प्रक्रिया अर्धवट राहते. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत हवा इतकी दमट की सीलर दुधासारखा पांढरा पडतो. दसऱ्याच्या सुमारास कोबा घालावा आणि थंडीत, डिसेंबर-जानेवारीत, स्टेनला हात घालावा.

सामान मागवताना कुठल्या धातूचे क्षार आहेत ते विचारा आणि क्रोमियम असलेला स्टेन घेऊ नका. नळ-फरशी धुण्यासाठी किराणा दुकानात मिळणारं तेजाब म्हणजे स्टेन नव्हे. त्यात रंग देणारे क्षार नसतात आणि ते फार तीव्र असतं. ॲसिड हल्ल्यांच्या पार्श्वभूमीवर सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये आम्लाच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध घातले आणि विक्रेत्याला खरेदीदाराची नोंद ठेवणं बंधनकारक केलं, हेही माहीत असू द्या. एका हातासाठी साधारण एक लिटर स्टेन पाच चौरस मीटरला पुरतो. बारा बाय बाराच्या खोलीला एका हाताला तीन लिटर धरा. फवारणीचा पंप पूर्ण प्लास्टिकचा हवा, त्याची नळीसुद्धा. पितळी तोंडाचा शेतीचा पंप तासाभरात खराब होतो आणि मधूनच हिरवे ठिपके सोडतो.

आधी नमुना. हा त्याच जमिनीवर, कपाटाखाली किंवा माळ्याखाली लपणाऱ्या दोन फूट जागेत करायचा आणि सीलर लावण्यापर्यंत सगळ्या पायऱ्या पूर्ण करायच्या. वेगळ्या ओतलेल्या सिमेंटच्या तुकड्यावरचा नमुना फसवतो.

मुख्य कामाच्या आदल्या दिवशी खोली झाडून, साध्या पाण्यानं नायलॉनच्या ब्रशनं घासून, वाळवून ठेवा. मग झाकाझाकी. कोटा आणि संगमरवर दोन्ही चुनखडीच्या कुळातले, म्हणून दारातला उंबरठा, खिडकीची कड, जिन्याची पायरी यांवर स्टेनचा एक थेंब पडला तरी पॉलिश उडतं. खिडक्यांच्या ॲल्युमिनियमच्या सरकपट्ट्या, दाराची बिजागरं, भिंतीचा खालचा फूटभर भाग प्लास्टिकनं झाका. फ्रिज, शिलाई मशीन, सायकल असं लोखंडी सामान खोलीबाहेर न्या. आम्लाच्या वाफेनं न शिंपडताही गंज चढतो.

आता सर्वांत महत्त्वाचं. सगळ्या खिडक्या उघड्या हव्यात, पंखा हवा बाहेर फेकणारा हवा. डोळ्यांवर बंद चष्मा, कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, गमबूट, पूर्ण बाह्यांचे जुने कपडे आणि आम्लवाफेसाठीचं काडतूस असलेला मुखवटा. कापडी मास्कचा इथे काही उपयोग नाही. जवळ स्वच्छ पाण्याची बादली आणि भिजवलेला सोडा ठेवा. स्टेन पातळ करायचा असेल तर पाण्यात स्टेन ओता, उलट कधीही नाही. त्या दिवशी घरात ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीच असलेलं कुठलंही क्लीनर वापरू नका. आम्लाशी गाठ पडली की क्लोरीन वायू सुटतो. मुलं, मांजर-कुत्रं आणि गरोदर स्त्रिया घराबाहेर. आणि या शहरात हे लिहिलंच पाहिजे: २-३ डिसेंबर १९८४ च्या वायुगळतीच्या रात्रीनंतर भोपाळमधल्या कितीतरी घरांत फुफ्फुसं अधू झालेली माणसं आहेत. तुमच्या घरात, किंवा भिंतीला भिंत लागून असलेल्या शेजारात, असं कुणी असेल तर त्यांना दोन दिवस दुसरीकडे राहता येईल अशी सोय झाल्याशिवाय काम सुरू करू नका. मजुरालाही तीच सगळी साधनं द्या जी स्वतःला घ्याल.

काम दोघांनी करावं. एकानं आतल्या भिंतीपासून दाराकडे येत गोलाकार हातानं फवारायचं, दुसऱ्यानं मागोमाग नायलॉनच्या ब्रशनं इंग्रजी आठाच्या आकारात चोळायचं. ओली कड सुकू द्यायची नाही, फवारलेल्या जागेवर पाऊल पडता कामा नये, डबकं साचू द्यायचं नाही. स्टेन पडताच बारीक फेस उठतो; तो दिसला की चुना कामाला लागला समजा. एक चौकोन सुरू केला की तो पूर्ण करूनच थांबा. त्या क्षणी दिसणारा रंग खरा नसतो, त्यामुळे घाबरून पुन्हा ओतू नका. निदान चार तास, शक्य तर रात्रभर जमीन तशीच राहू द्या. गडद हवं असेल तर पहिला हात वाळल्यावर दुसरा द्यायचा.

दुसऱ्या दिवशी जमिनीवर तपकिरी भुकटीसारखा मळ दिसेल. दहा लिटर पाण्यात पाव किलो खाण्याचा सोडा विरघळवून जमिनीवर ओता आणि घासा. फसफस थांबेपर्यंत हे करायचं, म्हणजे उरलेलं आम्ल मारलं जातं. मग साध्या पाण्यानं धुवा. एकदा धुऊन कुणाचंच होत नाही. तीन-चार वेळा तरी लागतं. ओल्या जमिनीवर पांढरं फडकं फिरवा. ते पांढरंच राहिलं तर पुरे. मळ राहिला तर सीलर त्याच्यावर बसेल आणि त्याच्यासकट सुटून येईल. कामं बिघडतात ती बहुतेक याच पायरीवर, कारण रंग मनासारखा दिसायला लागलेला असतो आणि हात दुखत असतात.

हे धुतलेलं पाणी कुठे जाणार? वायपरनं गोळा करून बादल्यांत भरा, नालीत सोडू नका. त्यात धातूंचे क्षार असतात आणि तांबं माशांना अगदी थोड्या प्रमाणातही विषारी आहे. इथले कितीतरी नाले तलावांकडे वाहतात. राजा भोजानं अकराव्या शतकात बांधलेला बडा तलाव आजही शहराला प्यायचं पाणी देतो, आणि भोज वेटलँड म्हणून २००२ पासून रामसर यादीत आहे. बादल्या दोन दिवस स्थिर ठेवल्या की गाळ खाली बसतो. वरचं निवळ पाणी सोडा घालून आम्ल मेल्याची लिटमस कागदानं खात्री झाल्यावरच सांडपाण्याच्या वाहिनीत जाऊ द्या. गाळ भुशात किंवा रेतीत शोषून, वाळवून, पिशवीत बांधून घातक कचरा म्हणून वेगळा द्या, बागेत पुरू नका. एवढं सगळं जमणार नसेल तर निदान तांब्याचा हिरवा तरी टाळा.

जमीन पूर्ण वाळायला थंडीतही दोन-तीन दिवस द्या, मग सीलर. तोवर रंग फिका, धुरकट दिसतो. सीलर पडताच तो खुलतो. ओल्या दगडाचा रंग खुलतो तसाच. झोपायच्या आणि बसायच्या खोलीला ॲक्रिलिक सीलरचे दोन पातळ हात पुरतात, एक जाड हात देऊ नका. स्वयंपाकघराला पॉलियुरेथेन घ्या. लिंबू, चिंच, ताक, लोणच्याचा खार हे सगळे कोब्याचे शत्रू आहेत आणि आपल्या ओट्याखाली त्यांचाच वावर. इपॉक्सी उन्हात पिवळं पडतं, म्हणून ते दक्षिणेकडच्या खिडकीच्या खोलीत नको. न्हाणीघरात मी हे काम करणारच नाही. तिथे ओल सतत असते आणि टॉयलेट साफ करायचं आम्लही तिथेच सांडतं.

आम्लाचीच भीती वाटत असेल तर एक सौम्य वाट आहे: हिराकस. खतांच्या दुकानात फेरस सल्फेट म्हणून मिळतं. एका लिटर पाण्यात सुमारे १०० ग्रॅम विरघळवून गाळून फवारलं की काही तासांत जमिनीवर गंजाचा तांबूस-पिवळा रंग उमटू लागतो. छटा एकच मिळते, वाफ होत नाही, आणि अंगणातल्या ओट्यासाठी किंवा कुंड्या ठेवायच्या कट्ट्यासाठी ती पुरेशी सुंदर असते. चष्मा आणि हातमोजे इथेही लागतात, आणि कपड्यांवर पडलेला डाग निघत नाही. पहिल्यांदाच करणाऱ्यानं गच्चीवरच्या कट्ट्यावर हिराकस वापरून हात बसवावा, असं मला वाटतं.

रोजच्या पुसण्याला साधं पाणी, आठवड्यातून एकदा थोडा सौम्य साबण. फिनाइलची गरज नाही, खसखसा घासण्याची तर मुळीच नाही. खुर्च्यांच्या पायांना नमद्याचे तुकडे चिकटवा, कारण रेतीचा एक कण पायाखाली अडकला की सीलरवर ओरखडा उठतो. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत, फरशीच्या मेणाचा पातळ हात फिरवला की झीज मेणावर जाते आणि सीलर वाचतो. आमच्या खोलीत दारापासून खिडकीपर्यंत जो चालायचा पट्टा आहे तिथे सीलरचा हात पुन्हा द्यावा लागला आहे. कपाटाखालचा नमुना मात्र अजून पहिल्याच हाताचा आहे, आणि रंग जुळतो का हे बघायचं असलं की मी तिथेच बॅटरी घेऊन वाकते.